व्हर्लनचा अंगठा

आमच्या हार्लन बेंड गावात वसंत आला की लोक दोनच गोष्टींवरून भांडायचे. चर्चच्या छपराला कुठला रंग द्यायचा, आणि व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचे संघ यंदाच्या ड्राफ्टमध्ये कॉलेजातली कुठली पोरं उचलणार. छपराचं भांडण निदान मिटायचं तरी.

माझा नवरा व्हर्लन आणि शेजारचा टॉलिव्हर आमच्या व्हरांड्यात बसून गोड चहाचे ग्लासवर ग्लास रिचवत वाद घालायचे. पण त्या वर्षीचा वाद निराळा होता, कारण पोरगा आमचा होता. कीनन, माझ्या बहिणीचा मुलगा. ती गेल्यापासून आमच्याकडेच वाढलेला. लांब फेकलेला चेंडू पळत जाऊन झेलावा तर त्यानं.

जानेवारीत कीननला ठरवायचं होतं. कॉलेजात अजून एक वर्ष खेळायचं की आत्ताच ड्राफ्टला नाव द्यायचं? एकदा नाव देऊन बसलं की कॉलेजच्या संघाची दारं बंद. व्हर्लन त्याला शाळेच्या मैदानावर घेऊन गेला. गळ्यात त्याचं ते शर्यतीची वेळ मोजायचं जुनं स्टीलचं घड्याळ. चाळीस यार्ड पळवलं, पुन्हा पळवलं. घरी आला तो दारातूनच ओरडत.

"ओडेसा, साडेचारच्या आत! दर खेपेला!"

साडेचार सेकंदांच्या आत पळणारा पोरगा म्हणजे सोनं. कीननने नाव दिलं.

फेब्रुवारीत इंडियानापोलिसला सगळ्या पोरांची चाचणी झाली. उंची, वजन, पंजाची रुंदी, उडी, सगळं मोजलं. चाळीस यार्डांच्या शेवटच्या रेषेवर तिथे कुणाचा अंगठा नसतो, यंत्र असतं. यंत्रानं कीननला साडेचारच्या बरंच वर दाखवलं.

"यंत्र बिघडलं असेल," व्हर्लन म्हणाला.

"सगळ्या पोरांना सोडून एकट्या कीननसाठी बिघडलं होय रे?" टॉलिव्हर म्हणाला. "अरे बाबा, हातातलं घड्याळ नेहमीच पोराला आहे त्याहून वेगवान दाखवतं. तो निघाला हे दिसेपर्यंत तुझा अंगठा झोपलेला, आणि तो पोचायच्या आधीच जागा झालेला. तुझा अंगठा त्या पोरावर जीव टाकतो, व्हर्लन."

"आणि चेंडू कुठे पडणार ते पोराला आधीच कळतं, ते कुठल्या यंत्रात मोजलं त्यांनी? सांग ना!"

"ते नाही मोजत कुणी. म्हणून तर म्हणतोय, अजून एक वर्ष खेळून दाखवायला हवं होतं त्यानं."

व्हर्लनने ग्लासातला उरलेला चहा अंगणात ओतून दिला. मी आत जाऊन उगाचच भांडी घासत बसले.

ड्राफ्टच्या दिवशी मी मासे तळले, पीचचा गोड पदार्थ केला. चर्चची मंडळी आली. टीव्हीवर एकेक नाव पुकारलं जायचं आणि संघाचा फोन येतो का म्हणून सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या फोनकडे वळायचे. कीनन नवा शर्ट घालून फोनजवळच्या खुर्चीवर बसला होता. दुसऱ्या दिवशीही तोच शर्ट, तीच खुर्ची. शेवटचं नाव झालं, तेही दुसऱ्याच कुणाचं. ड्राफ्ट आटोपल्यावरही काही संघ उरलेल्या पोरांना बोलावतात, म्हणून आणखी थोडं बसलो. एकदा फोन वाजला. धर्मगुरूंच्या बायकोचा होता, काय झालं विचारायला.

कीनन उठला. "काका, घड्याळ घ्या. मला पळायचंय."

"आत्ता?"

"आत्ताच. खरी वेळ सांगा फक्त."

टॉलिव्हर धरून आम्ही चौघं मैदानावर गेलो. ऊन उतरलं होतं. कीननने बूट बांधले आणि रेषेवर वाकला. व्हर्लनने घड्याळ हातात घेतलं, अंगठा बटणावर ठेवला. मग ते गळ्यातून काढून टॉलिव्हरपुढे धरलं.

"तू दाब. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

टॉलिव्हरनं ते घेतलं. कीनन पळाला. काय पळाला तो! माझ्या डोळ्यांना तर त्याच्याहून वेगवान कुणी दिसलंच नाही कधी. टॉलिव्हरनं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ बघत राहिला.

"साडेचारच्या आत," तो म्हणाला.

कीनन गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. त्यानं टॉलिव्हरकडे पाहिलं आणि हसला.

"टॉलिव्हर काका, तुम्हीसुद्धा?"

मग तो तिथेच गवतावर बसला आणि नव्या शर्टाच्या बाहीत तोंड लपवून रडला. लहानपणी, त्याची आई गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता. व्हर्लन त्याच्या शेजारी बसला, पाठीवर हात ठेवून.

व्हर्लनने ते घड्याळ परत कधी मागितलं नाही, आणि टॉलिव्हरनंही दिलं नाही. कीनन मोबील शहरात टायरच्या गोदामात कामाला लागला. पुढच्या वसंतात चर्चच्या छपराला हिरवा रंग लागला. दोघं म्हातारे व्हरांड्यात बसायचे, चहा प्यायचे, त्या हिरव्या रंगाला नावं ठेवायचे. ड्राफ्टच्या दिवशी मी टीव्ही लावला, तर व्हर्लन हळूच म्हणाला, "राहू दे गं, ओडेसा."

मी बंद केला.