आईचं नाव दाखवणारा फोन

माझी नात आम्रपाली नोकरीला लागली ते २०२४ साल. त्याच साली बिबवेवाडीच्या एका हॉलमध्ये मेलेल्यांचे फोन येऊ लागले.

पाटावर टेबलफोन, त्याला झेंडूचा हार, समोर दोनशे माणसं. टेलिफोनची तार कुठेच नाही. तिथले महाराज डोळे मिटून म्हणायचे, "वरची लाइन बिझी आहे, धीर धरा." मग फोन वाजायचा आणि फोनच्याच छोट्या पडद्यावर मेलेल्याचं नाव उमटायचं.

माझ्या पाळीला उमटलं, सुंदराबाई. माझी आई, वीस वर्षांपूर्वी गेलेली. खरखरता आवाज आला, "पोपट, सुनेला सुया टोचू नकोस. अंगारा दे."

माझ्या बायकोला, वेणूला, साखर होती. रोज इन्सुलिन लागायचं. ती म्हणाली, "अहो, सासूबाईंना जिवंतपणी फोन धरता येत नव्हता. वर जाऊन शिकल्या?"

"नाव लिहून आलं, वेणू. मी स्वतः वाचलं."

मंडईत हमाली करत पन्नाशीला मी अक्षरं शिकलो. लिहिलेलं खोटं असेल, असं मनातच येत नसे. वेणूला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं माझं ऐकलं. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या माणसानं बायकोची इंजेक्शनं बंद केली.

पाचव्या दिवशी वेणू बेशुद्ध पडली. आम्रपाली ट्रेनिंग सोडून धावत आली. तिची कंपनी ऑफिसांना फोन बसवून देते. दवाखान्याचे कागद न्यायला आम्ही विश्रांतवाडीला घरी आलो, तेव्हा हॉलमधलं सगळं माझ्याकडून ऐकून तिनं कामाच्या पिशवीतून तसाच एक फोन काढून माझ्यापुढे ठेवला.

"हा वायफायवर चालतो, आजोबा. कुठलं नाव दाखवायचं ते लांब बसून वेबसाइटवर भरायचं. फोन ते नाव तिथून घेतो."

तिनं लॅपटॉपवर काहीतरी टाइप केलं. फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, पोपट.

"बघा, तुम्हीही वर गेलात." ती हसली नाही.

"पण आईचं नाव त्यांना कुणी सांगितलं?"

"दारात फॉर्म भरून घेतला होता?"

घेतला होता. दारातली बाई म्हणाली होती, "मी भरून देते." मी म्हणालो होतो, "मला लिहिता येतं." आईचं नाव, वेणूचा आजार, सुया, सगळं माझ्याच अक्षरात. बोलणारी बाई पलीकडच्या खोलीत बसली असणार.

लिहिलेलं जरूर वाचा, पण ते कुणी लिहिलं हेही विचारा. औषध बंद कर म्हणणारी सख्खी आई असली, तरी आधी डॉक्टरांना विचारा. मी विचारलं नाही.

वेणू १९ सप्टेंबर २०२४ रोजी सकाळी वारली.