आखरी झटका

"आबा, पाइप खाले ठेवा," ममता म्हणाली. मान वर न करता म्हणाली, ते लोटन मिस्तरीला जास्त लागलं.

जीप डोंगरसिंगची होती. अक्कलकुव्याच्या नाक्यावर लोटनच्या गॅरेजात तिचं इंजिन उघडं पडलं होतं आणि मोलगीच्या बाजाराला निघालेली माणसं बाहेर लिंबाखाली गाठोडी घेऊन खोळंबली होती. वर जायचं म्हणजे देवगोईचा घाट. घाटात इंजिन दगा देतं, ते एकट्या ड्रायव्हरला देत नाही.

ममता ही लोटनची थोरली लेक, सुरतेच्या वर्कशॉपात काम शिकून आलेली. इंजिनाच्या हेडचे बोल्ट ती मधून बाहेर, ठरल्या क्रमानं कसत होती. आधी जोर मोजणाऱ्या काट्याच्या पान्यानं बेताचा जोर, मग प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर पांढरा ठिपका, मग ठिपका बघून पाव फेरा आणि पुन्हा पाव फेरा. बस्स. लोटनला हा पोरखेळ वाटे. त्याची रीत वेगळी. सगळं कसून झालं की पान्याला लोखंडी पाइप घालायचा, कानबाई देवीचं नाव घ्यायचं आणि एकेका बोल्टला आखरी झटका द्यायचा. त्या झटक्याला पंचक्रोशीत मान होता.

"मन्ही जिंदगी गई बोल्ट कसामा," तो म्हणाला.

"माले माहीत शे, आबा. पन हाऊ बोल्ट जुना बोल्टसारखा नही. हाऊ तानास अन् तानीसनच धरस. जितला तानाना व्हता तितला तानी दिधा. आखो जास्ती ओढशात ते मरी जाई."

शेवटचा बोल्ट कसून ती हात धुवायला मागं टाकीकडे गेली. डोंगरसिंग हळूच जवळ सरकला.

"मिस्तरी, तुमचा हात नाही लागला तर मी घाट चढत नाही. बायकोपोरं पण बसणार आहेत माझी."

एवढं ऐकल्यावर कुणाची छाती फुगणार नाही? पाइप चढला. लोटननं देवीचं नाव घेतलं आणि कोपऱ्यातल्या बोल्टला झटका दिला.

बोल्ट फिरला, पण हाताला अडला नाही. जिथं जोर वाढायला हवा तिथं तो मऊ पडत गेला.

तुटला नव्हता, पण त्याची पकड गेली होती. वरून बघणाऱ्याला काहीच कळलं नसतं. ठिपका तेवढा पुढं सरकला होता, तोही अंगठ्यानं पुसता आला असता. गाडी सुरू झाली असती, नाक्यावरून डौलात गेली असती. पुढचं त्याला डोळ्यांसमोर आणवेना.

"आता झालं," डोंगरसिंग समाधानानं म्हणाला आणि त्यानं माणसांना गाठोडी उचलायला सांगितलं.

ममता परत आली. तिनं वरचं कव्हर उचललं. लोटननं बोलावं तर जन्मभराचं नाव चारचौघांत मातीत जाणार, न बोलावं तर ही माणसं. त्याला लाज वाटत होती, भयंकर लाज वाटत होती, पण भीती त्याहून मोठी होती.

"कव्हर ठेव खाले," तो म्हणाला. "डोंगरसिंग, आज गाडी जावाव नही. एक बोल्ट मी मारी टाका."

ममतानं फक्त विचारलं, "कोनता?" त्यानं बोट दाखवलं.

"सगळाच काढना पडतीन," ती म्हणाली. "बोल्ट नवा, गॅसकेटबी नवी." तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं लोटनला वाटलं.

डोंगरसिंगनं माणसं दुसऱ्या जीपमध्ये बसवून दिली आणि संध्याकाळपर्यंत लिंबाखाली एकटाच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी नंदुरबारहून सामान आलं. नवी गॅसकेट बसवून हेड परत ठेवलं गेलं. सवयीनं लोटन पान्याकडे वळला. डोंगरसिंग घसा खाकरून ममताकडे बघत म्हणाला, "बाई, तूच कस."

लोटन बाजूला झाला. बोनेटच्या सावलीत ममताला ठिपके नीट दिसत नव्हते. ती डोळे बारीक करून वाकली, तेव्हा मिस्तरीनं टॉर्च उचलला आणि तिला दिसेल असा उजेड धरून उभा राहिला.