आत्याचं फडकं

आत्याने इंजिनाचं झाकण उचलून बाजूला टेकवलं, खांद्यावरचं फडकं ओढलं आणि टाकीपासून इंजिनापर्यंत गेलेल्या काळ्या रबरी नळीवरून ते सावकाश फिरवलं, तापातल्या लेकराचं अंग पुसावं तसं. तोंडाने गुणगुणणं चालूच होतं.

"काळी सावळी नळी, हिच्या पोटात जाळ गं,
धरून ठेव बाई, एवढी आजची सकाळ गं."

मग फडकं नाकाशी नेऊन, डोळे मिटून तिने खोल श्वास घेतला.

"स्वच्छ! थेंबभर पेट्रोल बाहेर नाही. चल गं ठिणगे, लाव सुकाणूला हात."

ठिणगीचा हात कधीचाच सुकाणूवर होता. घरचं नाव वेगळं, पण एका जागी म्हणून बसायची नाही, तेव्हा आत्यानेच लहानपणी भाचीला हे नाव चिकटवलेलं. पेट्रोलच्या बोटीत ठिणगी, असं म्हणून अख्खा धक्का हसायचा. हसू देत. परवाना नुकताच हाती पडला होता, बंद हंगाम संपून बोट आज पाण्यात उतरली होती, आणि पलीकडच्या बेटाची पहिली फेरी ठिणगी नेणार होती! सकाळपासून तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. धक्क्यावर उतारू जमत होते आणि त्यांच्यात आज तिची आई येणार होती. गुडघाभर पाण्याला भिणारी, जन्मात कधी बोटीत पाय न ठेवलेली आई.

"आत्या, नवी नळी आणून ठेवलीये ना मी. बसवूनच टाकू? जुनीवर छापलेली तारीख केव्हाच उलटून गेलीये."

"तारीख बघतात ती दुधाच्या पिशवीवर. नळी वाकवायची, पुसायची, हुंगायची. सुटायची वेळ आली की तिचं ती सांगते. त्याआधी काढलीस तर रुसेल बिचारी."

आत्याच्या नाकाला धक्क्यावर मान होता. दुसऱ्या बोटींचे मालक आपापली फडकी घेऊन तिच्याकडे यायचे, आणि तिने मान डोलावली की निर्धास्त परत जायचे.

आत्या दुसरं फडकं घेऊन बाकं पुसायला पुढे गेली. ठिणगीने हातांना आलेला घाम टिपायला नळी पुसलेलं फडकं उचललं आणि तिच्या नाकात उग्र भपकारा शिरला.

पेट्रोल.

तिने आपले हात हुंगले. साबणाचा वास. पुन्हा फडकं हुंगलं. शंकाच नको. आत्या आणि चूक? ठिणगीला एकदम मागच्या महिन्यातलं दूध आठवलं. पातेलं करपून घरभर धूर झाला होता आणि आत्या चुलीला पाठ करून मजेत गाणं म्हणत बसली होती. मोठ्या तापातून नुकती उठली होती, सगळे म्हणाले, लक्ष नसेल.

तेवढ्यात आई आली. आधी तिचा वास आला, मग ती. मळमळू नये म्हणून तिने कपाळाला, कानशिलांना, मानेला इतका बाम थापला होता की उतारूंनी आपणहून वाट करून दिली. एका गृहस्थांनी तर रुमालच नाकाला लावला.

आत्या हसत कडेला आली, हात पुढे करून उभी राहिली. वर्षानुवर्षं याच बामावरून ती भावजयीची थट्टा करत आली होती.

"आलीस गं बाई! आणि हे काय वहिनी, आज बाम नाही लावलास? धीट झालीस की!"

आईचं तोंड उघडं राहिलं. तिने लेकीकडे पाहिलं. लेकीने फडकं तिच्या हातात दिलं. आईने ते पदर सावरल्यासारखं करून नाकाशी नेलं. मग तिची नजर उघड्या इंजिनावर गेली, आणि तिथून आत्याच्या आनंदाने फुललेल्या चेहऱ्यावर.

"वन्सं, मी नाही येत."

"आता गं काय झालं?"

"नळी जुनी आहे ना, ही घरी म्हणत होती. नवी बसवल्याशिवाय मी पाय ठेवणार नाही. मला भीती वाटते."

"अहो वहिनी," रुमालवाले गृहस्थ म्हणाले, "आत्यांनी हुंगलीये ती. आता देवालाही शंका घ्यायची सोय नाही!"

उतारू हसले. आपली भीती जन्मभर पदराआड लपवत आलेली आई आज साऱ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हुंगली असेल हो! पण मी पडले भित्री. मला नवीच नळी हवी."

"बदला बाई, बदला!" आत्याने हात जोडले. "वहिनीसाहेबांचा हुकूम!"

ठिणगीने उडीच मारली. टाकीचा कॉक बंद केला, क्लिपा सैल केल्या, जुनी नळी ओढून काढली. वरून कशी तुकतुकीत! आत्याने ती हातात घेऊन नेहमीच्या सवयीने वाकवली. खालच्या अंगाला, जिथे डोळा पोहोचत नव्हता तिथे, बारीक चीर ओठासारखी उघडली. ओली होती.

आत्याचं गुणगुणणं थांबलं. तिने नळीकडे पाहिलं, मग वहिनीकडे. वहिनी आपल्या पिशवीचा बंद फार मन लावून बांधत होती.

नवी नळी बसली. झाकण उघडं ठेवून आतली कोंडलेली हवा वाऱ्याला दिली. आत्याने कोरं फडकं घेऊन नव्या सांध्यावरून फिरवलं, नाकाकडे नेलं आणि हात अर्ध्यातच थांबला. मग तो ठिणगीच्या नाकाशी गेला.

"सांग."

"काही नाही आत्या. नुसतं नवं रबर."

"नक्की?"

"नक्की."

आत्याने ते फडकं घडी करून ठिणगीच्या खांद्यावर टाकलं.

इंजिन पहिल्याच हाकेला गरजलं. बोट थरथरली आणि दावं सुटलेल्या वासरासारखी उधळली. उतारूंनी एकच गलका केला. ठिणगीच्या हाताखाली सुकाणू जिवंत झालं होतं आणि तोंडावर पाण्याचे तुषार येत होते. हसू काही केल्या ओठांत मावत नव्हतं.

तिच्या मागच्याच बाकावर नणंदा-भावजया खेटून बसल्या होत्या.

"बामाची डबी दे ती तुझी," आत्या म्हणाली.

ठिणगीने मागे पाहिलं नाही. डबी उघडल्याचा टक्क आवाज तिने ऐकला.

"काही कळतंय, वन्सं?" आईने विचारलं.

समोर बेट मोठं होत होतं.

"नुसतं गार लागतंय," आत्या म्हणाली.