मनकर्णाबाईची साक्ष

किल्लारीच्या भूकंपानंतर लखन सापडलाच नाही, ना जिवंत ना मेलेला. "कुठंतरी हाय माझा लेक," म्हणत मनकर्णाबाईनं सात वर्षं वाट पाहिली. मग तिच्या तरुण सुनेला स्थळ आलं. दुसऱ्या लग्नाआधी बेपत्ता नवरा मृत मानल्याचा कोर्टाचा हुकूम हवा, म्हणून सासूच सुनेला घेऊन लातूरच्या मोफत कायदा सल्ला केंद्रात आली. नांदेडच्या लॉ कॉलेजातून तिथं प्रशिक्षणाला आलेल्या राजकन्या नावाच्या विद्यार्थिनीनं त्यांचा अर्ज लिहिला.

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "मुलाचं काही कळलं?"

मनकर्णाबाईनं सुनेकडं पाहिलं. "न्हाई साहेब. लखन गेला."

बाहेर येताच तिनं लेकासाठी पहिल्यांदा टाहो फोडला. सून तिला बिलगली. राजकन्या म्हातारीचा हात धरून शेजारी बसून राहिली.