डॅशबोर्डावरचा गणपती

माझ्या नवऱ्याच्या श्रद्धेबद्दल माझी काही तक्रार नाही. त्या श्रद्धेच्या हातात फेव्हिक्विक असतं, एवढीच तक्रार आहे.

झटका येऊन गेल्यापासून माझ्या डाव्या अंगात जोर नाही. घरात वॉकर धरून चालते, पण गाडीत बसायचं म्हटलं की एकीकडून आमचे मार्तंडराव आणि दुसरीकडून मुलगा उन्मेष, 'एक, दोन, तीन' म्हणत मला तुरीच्या पोत्यासारखं उचलतात. हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीला तेवढीच करमणूक. समोरच्या काकू गॅलरीत येऊन 'सांभाळून हो' म्हणतात. शेवटी मी दवाखाना सोडून बाहेर जाणंच बंद केलं.

अशात उन्मेषला रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांची गाडी कळली. ते इंग्लंडहून परतताना आईसाठी तिथली गाडी घेऊन आले होते. बटण दाबलं की पुढची डावी सीट फिरते, दाराबाहेर येते आणि खाली झुकते. आई गेल्या, म्हणून गाडी विकायची होती. मी वॉकर बाजूला ठेवून त्या सीटवर टेकले, बटण दाबलं आणि माझी मी आत गेले. कोणाचाही हात लागला नाही. मला रडू आलं, आणि मला चारचौघांत रडलेलं मुळीच आवडत नाही.

मग कर्जाचे फेरे सुरू झाले. गाडी जुनी, त्यात परदेशी. बँकांच्या कॉम्प्युटरात तिचं नावच सापडेना. नवी गाडी घ्या, उद्या पैसे देतो, असं सगळे म्हणत. नव्या गाडीत ती सीट कुठून आणू, हे कोणी सांगेना. एका साहेबांना मीटर बघून गाडी किती कमी चालली आहे म्हणून आनंद झाला, तर आमच्या हरिश्चंद्राने, म्हणजे मार्तंडरावांनी, ते किलोमीटर नव्हे, मैल आहेत असं सांगून टाकलं. साहेबांचा आनंद मावळला, कर्जही मावळलं.

शेवटी एक खाजगी फायनान्स कंपनी तयार झाली. त्यांचा माणूस घरी येऊन गाडी तपासणार होता. डॉक्टरांकडे दुसरं गिऱ्हाईक आलेलं, तरी त्यांनी भलेपणाने गाडी आमच्या दारात आणून लावली आणि तपासणीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबतो म्हणाले.

तपासणीच्या आदल्या दिवशी अक्षय्य तृतीया होती. उन्मेष ऑफिसात आणि मी झोपलेली. साडेतीन मुहूर्तांतला एक हातचा जातो म्हणून मार्तंडरावांनी गुरुजींना बोलावलं, पूजा केली, चाकांखाली लिंबं चिरडली आणि माझ्या सीटसमोर, काचेच्या अगदी कोपऱ्यात, गणपती चिकटवला. कर्जाचा पत्ता नाही, गाडी लोकाची. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात ते हेच.

कंपनीचे शालिकरामजी आले. मी दाखवण्यापुरती सीटवर बसले होते. बॉनेटखालच्या चॅसिस नंबराचा फोटो त्यांनी काढला. मग म्हणाले, या गाड्यांचा नंबर समोरच्या काचेखालीही पट्टीवर असतो, दोन्ही फोटो लागतात. काचेतून वाकून पाहिलं आणि त्यांनी आधी हात जोडले. पट्टीवर गणपती बसला होता.

उन्मेषने हात घातला, तर मार्तंडरावांनी त्याचं मनगट धरलं. स्थापना झाली आहे, उत्तरपूजेशिवाय हलवता येत नाही, म्हणाले. गुरुजी उमरेडला लग्न लावत होते, फोन उचलेनात. शालिकरामजींना काढा म्हटलं, तर त्यांचाही हात धजेना. फोटो नाही तर कर्ज नाही, एवढं मात्र ते नम्रपणे सांगत राहिले. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला, ते दुसरं गिऱ्हाईक पैसे घेऊन निघालं आहे म्हणून. माझ्या डोक्यात सणक गेली.

"काढा तो," मी म्हटलं.

"काहून अशी करून राहिली तू?" मार्तंडराव काकुळतीला आले. "त्याले न विचारता कसं हलवायचं? देव आहे तो, सामान आहे का?"

इतके दिवस गिळलेलं सगळं वर आलं.

"मले उचलताना कधी विचारलं तुम्ही?"

मी थांबले नाही.

"एक, दोन, तीन म्हणता अन् उचलता. जायचं का, कुठं जायचं, दुखते का, कधी विचारलं? मी सामान आहे का?"

शालिकरामजी टायर बघायला खाली वाकले. उन्मेषने मान खाली घातली. मी त्याला घरातून अक्षता, माझा शिवणाचा डबा आणि लांब वायरीच्या बोर्डासकट हेअर ड्रायर आणायला सांगितलं.

गणपतीवर अक्षता वाहिल्या आणि म्हटलं, बाप्पा, जरा सरकायचं आहे, माझं काम अडलंय, येता ना? उत्तरपूजेत तरी याहून वेगळं काय विचारतात? ड्रायरने गोंद तापवला आणि जाड दोरा मूर्तीखाली घातला. पण दोरा ओढायला दोन हात लागतात, आणि माझा डावा ऐकत नाही. मी दातात धरायला गेले, तेव्हा दुसरं टोक मार्तंडरावांनी धरलं. आम्ही दोघं करवतीसारखा तो दोरा ओढत राहिलो. गणपती सुटला, तसा मी दोरा सोडून त्याला उजव्या हातात घेतला. शालिकरामजींनी राहिलेला गोंद नखाने खरवडला आणि फोटो काढला.

संध्याकाळी मंजुरी आली. डॉक्टर म्हणाले, गाडी आता तुमच्याकडेच राहू द्या. मी हट्टाने पुन्हा सीटवर जाऊन बसले होते. मार्तंडराव दाराशी आले, सवयीने दोन्ही हात पुढे केले आणि मध्येच थांबले.

"चारू, उतरायचं का?"

"नाही."

"मग कुठं जायचं?"

"इतवारीत."

इतवारीच्या बाजारात हातगाडी सरकायला जागा नसते, तिथे ही गाडी काय शिरणार. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, मग मिटलं, आणि किल्लीसाठी उन्मेषपुढे हात केला.