आतल्या बाजूचे आकडे

टायरवर सगळं लिहिलेलं असतं, पण गिऱ्हाईक वाचत नाही. ते नक्षी बघतं. नक्षी खोल दिसली की टायर नवं, एवढीच त्याची अक्कल. लातुरात माझं दुकान तीस वर्षं त्याच अकलेवर चाललं.

मे महिन्यातल्या एका सकाळी लेकीचा, अक्षराचा, कंधारहून व्हिडिओ कॉल आला. जावयानं नांदेडातून जुनी पांढरी गाडी घेतली होती. बोनेटवर विभूतीचे तीन पट्टे, चाकाखाली लिंबू. माझी दोन्ही नातवंडं आत बसून हॉर्न वाजवत होती. सगळे माझ्याकडेच यायला निघाले होते.

"टायर दाखव," मी म्हणालो. सवयच ती.

तिनं मोबाईल चाकाजवळ नेला. "एकशे पासष्ट, ऐंशी, आर चौदा..."

"ते माप झालं. लांबट चौकटीत चार आकडे शोध. पहिले दोन आठवड्याचे, मागचे दोन सालाचे. टायर कधी बनलं ते त्यावरून कळतं."

ती चारी चाकांभोवती फिरली. "न्हाईत आप्पा. एकावर बी न्हाईत."

ते चार आकडे टायरच्या एकाच अंगावर असतात. जुना माल खपवायचा असला की ते अंग गाडीच्या आत वळवून बसवायचं. ही चलाखी मी कितीदा केली, त्याची गणती नाही.

"नटांवर पिवळी रेघ हाय का?"

"हाव, समद्या नटांवर."

नट आवळला की त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची, ही माझ्या दुकानाची खूण. दिवाळीत नांदेडचा एकजण गाडी विकायला काढायची म्हणून आला होता. गोदामात वर्षानुवर्षं पडलेली चार टायरं पॉलिश मारून मीच त्याला बसवून दिली होती. चारींवर एकच आकडा होता, ३८१४. सन चौदाचा अडतिसावा आठवडा. इतकं जुनं रबर नक्षी शाबूत असली तरी वाळलेलं असतं, उन्हात फुटतं.

"अक्षरा, ती गाडी काढू नगं. यष्टीनं या."

जावई संगमेश्वर हसत पुढं आला. "मामा, टायर झकास हायत, नक्षी बघा की. दुसऱ्याचा माल तुमाला कधी पसंत पडलाय का?"

त्याच्यामागं विहीणबाई उभ्या होत्या. माल माझाच आहे, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. त्यांच्यादेखत जीभ उचलली नाही. "उन्हाचं हळू या," म्हणालो आणि फोन ठेवला. त्याची मला आजही लाज वाटते.

चोराच्या मनात चांदणं. तासभर दुकानात येरझारा घातल्या. मग मोबाईलवर निरोप बोललो, "ती टायरं म्याच बसवलीत. हाय तिथं थांबा." निरोपापुढं एकच टिक आली. फोन लागेना. चार नवी टायरं टेम्पोत टाकून निघालो. चाकूर मागं पडलं. समोरून येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीत मी नातवंडं शोधत होतो.

अहमदपूरच्या अलीकडं रस्त्यात फाटलेल्या टायरचा तुकडा दिसला. असे तुकडे या रस्त्यावर रोज पडलेले असतात, बहुतेक ट्रकचे. तरी उतरलो. तुकडा उलटा केला.

३८१४.

पुढच्या वळणावर बाभळीखाली माणसं जमली होती. त्यांच्या पायांमधून पांढरा पत्रा दिसत होता. माझे पाय उचलेनात. हात मात्र सवयीनं तो तुकडा परत पालथा घालत होता, आकडे खाली करून.