पूर्वेचा उतार

टेबलावरच्या भिंगाची सावली पश्चिमेकडे लांब पडली होती आणि हळूहळू आखडत होती — खिडकीतून आलेलं ऊन आधी पडद्याच्या घडीत रेंगाळलं, मग फायलींच्या कडांना त्या होत्या त्याहून पिवळं करीत, पाण्याच्या पेल्याला वळसा घालून भिंगाच्या पितळी कडेला टेकलं; आणि लखनला वाटलं, उन्हाला एवढं एकच ठाऊक असतं, आपण ज्या अंगाला, सावली त्याच्या उलट अंगाला...

भिंगाखाली उपग्रहाने टिपलेलं चित्र होतं. पेठकडचे डोंगर, मार्च २००५, सकाळी साडेदहा. या चित्रांत जिवंत हिरवं ते तांबडं दिसतं. जळलेलं काळं, आणि सावलीही काळी. डिसेंबर २००५ च्या आधीपासून जे रानातली जमीन कसत होते, त्यांना ती वनहक्क कायद्याने मिळणार होती. कोणता तुकडा कसलेला आणि कोणता नुसतं रान, हे ओळखायला लखन नाशिकच्या या कार्यालयात दोन वर्षं भिंगावर वाकून बसला होता. एका काळ्या डागावर त्याने पेन्सिलीने लिहिलं होतं — सावली. आज दुपारी तो नकाशा सहीसाठी जायचा होता.

काल आईचा, भागीबाईचा, फोन आला होता. शेजारच्या देवरामच्या मोबाइलवरून.

"लखन, तुमच्या त्या फोटूत आपला राब दिसला का रं?"

"इतकं बारीक दिसत नाही, आई."

"तुझा बाप गेला त्या साली, दोन हजार पाचला, म्या एकलीनं भाजला. लय धूर झालता. देवाला दिसला आसंल, न् तुमाला नाय?"

राब म्हणजे फांद्या, पालापाचोळा, शेणाचा थर — सगळं पसरून जमीन भाजायची, आणि पुढे त्या राखेत नागलीचं बी टाकायचं. जाळ रानात शिरू नये म्हणून ओला डहाळा घेऊन कडेला उभं राहायचं. लहानपणी तो डहाळा त्याच्या हातात असे. आईच्या पापण्यांवर राख... ती हसली की गळायची.

"अजून त्याच डोंगरावर का रे?" पलीकडच्या टेबलावरून सोमनाथ म्हणाला. "तिकडची माणसं खुशाल डोंगर पेटवून देतात, आणि आपण बसायचं जळलेलं की सावली करत."

"सावलीच आहे," लखन म्हणाला. वर हसलाही.

गाव कोणतं, असं इथे कुणी विचारलं की तो पंचवटी म्हणे. खोली पंचवटीतच होती; म्हणजे खोटंही नव्हतं. आणि आपल्याच आईची जमीन आपणच कसलेली म्हणून कशी लिहायची? मी कुणाचीच बाजू घेतली नाही — हे वाक्य त्याने इतक्यांदा मनात घोळवलं होतं की त्याचे कंगोरे झिजून ते गुळगुळीत झालं होतं, नदीतल्या गोट्यासारखं, हातात धरायला गार.

भिंगाची सावली आता बोटभर उरली होती. अजून पश्चिमेकडेच. त्याने चित्रातल्या डोंगरावरून बोट फिरवलं. काळ्या कडा झाडून साऱ्या पश्चिमेला. आईचा तुकडा, तोच काळा डाग, पूर्वेच्या उतारावर होता. तिथे साडेदहाला लख्ख ऊन असतं.

तो राब होता. आणि 'सावली' लिहिताना त्याला ते माहीत होतं.